पाच मिना पाणी

आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, मला चार तास मशीनला बांधतात. डायलिसिस. दोन वर्षं झाली. सांगोल्याला बहीण आहे, तिच्याकडे चार दिवस राहायला म्हणून जाता येत नाही. ती डाळिंबं पाठवते, ती शेजारी खातात, कारण मला डाळिंब बंद. केळं बंद, नारळपाणी बंद. पाणी दिवसाला पाऊण लिटर, तेही बायको मोजून देते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून लोक महापालिकेच्या नावानं बोटं मोडतात. मी कुणाच्या नावानं मोडू?

मशीनवर पडल्या पडल्या एक हात मोकळा असतो आणि त्यात मोबाईल. मी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे मोबाईलवरही जुन्याच गोष्टी शोधतो. एका दुपारी प्राचीन ग्रीकांची वजनं सापडली. सहा ओबोलांचा एक ड्राख्मा, शंभर ड्राख्म्यांची एक मिना, साठ मिनांचा एक टॅलंट. अथेन्सची मिना म्हणजे साधारण चारशे छत्तीस ग्रॅम. मी हिशेब करत गेलो. अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर उरतं ते माझं वजन बावन्न किलो तीनशे. म्हणजे बरोबर दोन टॅलंट! मला इतका आनंद झाला की टेक्निशियनला वाटलं बीपी वाढलं.

आनंद व्हायला कारण होतं. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, बायकोनं वाकून आकडा वाचायचा, मशीनवरून उठल्यापासून किती वाढला ते पाहून दिवसाचं पाणी ठरवायचं, हा प्रकार मला असह्य झाला होता. पोतं असल्यासारखं वाटायचं. एकदा मी काट्याला लाथ मारली. काट्याला काही झालं नाही, अंगठा सुजला.

मग आमच्यात तह झाला. मी दार लावून एकट्यानं वजन करायचं आणि किती वाढलं ते ग्रीकांच्या हिशेबात सांगायचं.

"बरं," बायको म्हणाली, "तुमच्या त्या मिनात सांगा. पन खरं सांगा की. मिना म्हंजे किती ग्रॅम, तेवढं मला लिवून द्या."

तिनं तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. ती बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होती. तिथं टॉवेलचा डझन वजनावर पास होतो. मोजणारीनं सांगितलेलं वजन पुढची बाई पुन्हा तोलत नाही, तसंच गठ्ठ्यात घालते, कारण पुन्हा तोलणं म्हणजे तू खोटारडी आहेस असं तोंडावर म्हणणं. तिनं मलाही तोच मान दिला. मशीनच्या दोन फेऱ्यांच्या मधे पाच मिनांपर्यंत वाढ चालेल, त्याच्या आत राहिलं तर संध्याकाळी अर्धा पेला जादा, असं आमचं ठरलं.

एप्रिल बरा गेला. मे महिन्यात छपराचा पत्रा तापायला लागला आणि माझी नियत फिरली. चूळ भरायच्या निमित्तानं मी न्हाणीघरात पाणी गिळायला लागलो. जीभ टाळूला चिकटल्यावर शहाणपण कुठलं टिकतंय? पण काटा कुणाची भीड धरत नाही. शनिवार ते मंगळवार हा लांबचा खंड असतो. त्यातल्या सोमवारी सकाळी वाढ तीन किलोच्या वर गेली. सात मिना. म्हणजे अर्धा पेला गेलाच, वर उरलेल्या पाण्यालाही कात्री.

तेव्हा मला एजिना आठवलं. तेही ग्रीकांचंच एक बेट, पण तिथली मिना जड, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. त्या मापानं माझी वाढ बरोबर पाचच मिना होत होती. म्हटलं, यात खोटं काय आहे? आणि दाराआडून ओरडलो, "पाच!"

अर्धा पेला मिळाला. त्या दिवशी तो संध्याकाळची वाट न बघता दुपारीच दिला तिनं, ऊन फार म्हणून.

तासाभरानं मला आडवं होता येईना. छातीत पाणी घुसळल्यासारखा आवाज यायला लागला. तिनं रिक्षा आणली, मला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. दवाखान्यात मास्क लावला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी वजन किती वाढलं होतं?"

"दोन किलो एकशे ऐंशी ग्रॅम," बायको म्हणाली. पाच गुणिले चारशे छत्तीस. तोंडी केलं तिनं.

त्यांनी मला काट्याच्या खुर्चीवर बसवलं. वाढ साडेतीन किलो निघाली.

"मावशी, पाणी कोण देतं यांना? जीव जाईल माणसाचा, कळतंय का तुम्हाला?"

"मीच देते," ती म्हणाली. मग हळूच, "माजंच चुकलं आसंल. कारखान्यात डझन कदी चुकला न्हाय माजा."

तोंडावर मास्क होता म्हणून मी बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मास्क बोटानं बाजूला करता येतो. मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सगळं सांगितलं. अथेन्स, एजिना, न्हाणीघर. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळा झालो असतो. तिनं फक्त विचारलं, "ती दुसरी मिना किती ग्रॅमची?" आणि कॅलेंडरवर पहिल्या आकड्याखाली तोही लिहिला.

सकाळी ओट्यावर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरलेल्या दिसल्या.

"दुसरी कुणाची?"

"माजी. आजपासून मी बी एवढंच पिनार. तुमी चोरून जेवढं प्याल, तेवढं मी माज्यातलं वतून टाकनार."

"मे महिना आहे. आजारी पडशील!"

"व्हय. मग खरं सांगत जावा."

मी ओरडलो, विनवलं, अन्न टाकायची धमकी दिली. ती भाकरी थापत राहिली. दाराआड एकट्यानं काट्यावर उभं राहायची मुभा तिनं काढून घेतली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पुन्हा तोलायला ती येणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती धुणं वाळत घालून आली. ओठ फुटले होते, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला लाज वाटली आणि खरं सांगतो, रागही आला, कारण आता मला चोरीलाही जागा उरली नव्हती. मी माझ्या वाटणीचा अर्धा पेला तिच्यापुढे धरला.

तिनं तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "नको. मोजलेलं हाय ते."