देवांचं तिकीट काढलं नव्हतं

आमच्या घरचे देव आजवर एकदाच प्रवासाला गेले आहेत, आणि तेही चुकून. चूक माझी होती. देवांनी त्याबद्दल काही नाराजी दाखवली नाही, ती घरातल्या माणसांनी दाखवली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी दीड तास पूजा करत. कराडला असताना करत, आणि माझ्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला विजयनगरात घर घेतल्यावर इथे येऊनही करत. येताना त्यांनी देव देव्हाऱ्यासकट मांडीवर घेऊन आणले, त्याला ते प्रवास म्हणत नसत. देव एकूण पाच. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि दोन टाक, एक खंडोबाचा आणि एक देवीचा. पाचही मिळून एका मुठीत मावतील एवढे. पण या मूठभर देवांनी अण्णांना पन्नास वर्षं घरात धरून ठेवलं होतं. (निदान अण्णांचं म्हणणं तसं होतं!) कुठे जायचा विषय निघाला की त्यांचं उत्तर तयार असे.

"जाऊ की. पण देवांना कोण बघणार?"

परगावी जाताना देव तांदळात ठेवायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. डब्यात तांदूळ घालायचे, त्यात देव ठेवायचे, म्हणजे आपण येईपर्यंत ते उपाशी राहत नाहीत. आईने हे अण्णांना अनेकदा सुचवलं. पण अण्णा म्हणत, "देव म्हणजे काय कडधान्य आहे, डब्यात भरायला?"  मग आई पिशवी उचलून भाजी आणायला जात असे. तिचा प्रवास तेवढाच.

अण्णा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. पूजा माझ्याकडे आली आणि दीड तासाची सात मिनिटांवर आली. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही आईला टी. नरसीपूरला संगमावर नेलं आणि तिथे तिला गोल टोपलीच्या नावेत बसवलं. माझी मुलगी ईशा जन्मापासून म्हैसूरची, तिला वाटलं आजी घाबरेल.

"आजी, भय आगतदा?" तिने विचारलं.

"भय कसलं? ही काय नाव आहे? ही तर परात आहे," आई म्हणाली. मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला म्हटलं होतं, बोटीतून समुद्र दाखवीन. मोठ्या बोटीतून. एका काठावरून निघायचं आणि दुसऱ्या काठाला उतरायचं."

आई त्र्याहत्तर वर्षांची. गुडघे अजून चालतात, पण कुरकुर करत. मला एकदम वाईट वाटलं. घरी येऊन मी अंदमानचं ठरवूनच टाकलं. पोर्ट ब्लेअरहून फेरीबोटीने हॅवलॉक. एका बेटावरून निघायचं, दुसऱ्या बेटावर उतरायचं. शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं. तिने गेल्या दोन वर्षांत केरळपासून काश्मीरपर्यंत नाना ठिकाणं सुचवली होती आणि प्रत्येक वेळी मी "आईला कोण बघणार?" म्हणून ती मोडीत काढली होती. ती एवढंच म्हणाली, "चला, आई येतायत म्हणून का होईना!"

पण आईच येईना.

"देवांना कोण बघणार?" ती म्हणाली. अगदी अण्णांच्या आवाजात! मी तिला तांदळाची आठवण करून दिली, तर म्हणाली, "मी सुचवायचे तेव्हा नाही म्हणाले. आता ते नाहीत म्हणून ठेवायचे का?" तीन दिवस घरात यावर खल झाला. शेवटी समोरच्या सरोजम्मांनी मध्यस्थी केली. "नीवु होगि बन्नि, देवरन्न नानु नोडकोतीनि," त्या आईला म्हणाल्या. तुम्ही जाऊन या, देवांचं मी बघते. रोज मोगरा वाहीन, दिवा लावीन, असा शब्दही दिला. आई कशीबशी तयार झाली, पण मला तिने बजावलं, "माधव, ह्यांनी पन्नास वर्षं जपलेत. काही कमी-जास्त झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

आता माझ्या कर्तबगारीकडे वळू. आईच्या लग्नात मिळालेले स्टीलचे दोन डबे आमच्याकडे आहेत. जुळे. दोन्हींवर कोरलंय, 'चि. वसंत यास सप्रेम भेट'. चि. वसंत म्हणजे अण्णा. आईने एका डब्यात देव तांदळात ठेवले, जोडीला छोटी घंटाही ठेवली आणि वरून पुन्हा तांदळाचा थर दिला. दुसऱ्या डब्यात खिचडीचे तांदूळ भरले, कारण जिथे मासे शिजतात त्या भांड्यातलं ती खाणार नव्हती आणि आम्ही छोटा इलेक्ट्रिक कुकर बरोबर नेणार होतो. (मराठी माणूस चंद्रावर गेला तरी कुकर घेऊन जाईल!) डबे झाकून, फडक्यात बांधून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले होते. माझी बॅग भरण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मी प्रत्येक वस्तूवर लेबल लावतो. मी एका डब्यावर चिकटवलं 'देव – उघडू नये' आणि दुसऱ्यावर 'खिचडी – अंदमान'.

"उघडून बघितलंत का?" शुभदाने विचारलं.

"त्यात काय बघायचं? डावीकडचा देवांचा."

"ओट्याच्या या बाजूने डावीकडचा, की त्या बाजूने?"

मी तिच्याकडे दयेने पाहिलं. असल्या शंकांना मी उत्तर देत नाही.

पोर्ट ब्लेअरला पोचलो त्या दिवशी कुकरचा प्लग हॉटेलच्या भिंतीत बसला नाही. मी हॉटेलवाल्याला बरंच सुनावलं. आज त्या प्लगला मनापासून नमस्कार करतो. तो बसला असता तर काय शिजलं असतं, याचा विचार करवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोचलो. बोट समोर उभी, पांढरीशुभ्र, दुमजली. आईने पदर खोचला आणि म्हणाली, "हिला म्हणतात बोट." रांगेत मी सगळ्यांना बोट कशी लागते, ती लागू नये म्हणून क्षितिजाकडे कसं बघायचं आणि आलं कसं चघळायचं, यावर व्याख्यान दिलं. तेवढ्यात आमची बॅग तपासणीच्या यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. मग उलटा फिरला. मग पुन्हा थांबला.

"ये बॅग किसका है?"

"हमारा," मी ऐटीत म्हणालो.

"चावल में क्या छुपाया है?"

"चावल में? चावल!"

"चावल में मूर्ती है. पाच-छे पीस. पुराना माल लगता है." त्याने आणखी एकाला हाक मारली. रांगेतली माणसं माझ्यापासून पावलाभराने दूर सरकली. एका नव्या नवरीने तर नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं. मी मूर्तीचोर दिसतो, हे मला पन्नाशीत कळलं.

डबा उघडला गेला. शिपायाने तांदळात हात घातला आणि पहिली वस्तू बाहेर काढली ती घंटा. ती वाजली! अख्ख्या रांगेने सवयीने हात जोडले. मग गणपती आले. मग अन्नपूर्णा. मी आईकडे बघायचं टाळत होतो, पण आई पुढे आलीच होती.

"माधव," ती म्हणाली, "हे इथे कसे?"

"आई, ते लेबल..."

"अहो भाऊ, हात धुतलेत का तुम्ही?" आई शिपायावर गरजली. "जोडे घालून देवांना हात लावता?"

त्याला मराठी येत नव्हतं, पण आईची भाषा सगळ्यांना कळते. त्याने मुकाट्याने बाळकृष्ण टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे झाला.

आईने पदर पसरला, देव एकेक करून त्यात घेतले आणि बाकावर जाऊन बसली. बोटीने भोंगा दिला. ईशा म्हणाली, "अय्यो आजी, बोट निघेल. चल ना!"

"तुम्ही जा. मी देवांना घेऊन घरी जाते."

"आई, घर इथे कोपऱ्यावर आहे का?" मी म्हणालो.

"ह्यांनी पन्नास वर्षं देव्हाऱ्यातून हलू दिले नाहीत. आणि तू ते कपड्यांत, चपलांत कोंबून समुद्रापार आणलेस. मला नाही बोटीत बसायचं. माझ्या हौसेपायी हे झालं."

हे ती रागाने म्हणाली असती तर चाललं असतं. पण ती माफी मागितल्यासारखं म्हणाली, आणि मला माझी इतकी लाज वाटली की रडूच यायला लागलं. एका बाईने सगळ्या आयुष्यात एक गोष्ट मागितली होती. ती समोर उभी होती, भोंगा देत होती, आणि मी दोन चिकटपट्ट्यांनी तिचा विचका केला होता.

तेवढ्यात तो शिपाई रिकामा डबा हातात घेऊन आला. तांदूळ त्याने एका पिशवीत भरून दिले होते. डब्यावरची अक्षरं तो जुळवून वाचत होता.

"माताजी, ये वसंत कौन है?"

"मेरे मालक," आई म्हणाली.

"वो साथ में नहीं आये?"

"वो नहीं आते," आई म्हणाली. "वो कभीच नहीं आये. बोलते थे, देवों को कोन देखेगा."

शिपायाने पदरातल्या देवांकडे पाहिलं, मग बोटीकडे पाहिलं. "मगर देव तो आ गये," तो म्हणाला.

 आईने पदरातले देव मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा मोजले. बाळकृष्णाचा रांगता गुडघा पदराने पुसला आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

"काय, आई?" शुभदाने विचारलं.

"डब्यात बसतात की हे! विमानातून आले, कुणी कुरकुरलं का? पन्नास वर्षं मी उगाच..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मला वाटलं आता ती रडणार. ती हसायला लागली, आधी थोडी, मग अशी की शुभदाला तिची पाठ चोळावी लागली. तिने पिशवीतले तांदूळ डब्यात ओतले, देव ठेवले, डबा पोटाशी धरला आणि आम्हा सगळ्यांच्या आधी बोटीच्या फळीवर पाय ठेवला.

बोट सुटते न सुटते तोच सरोजम्मांचा फोन आला. "सार! निम्म देवरु तुंबा पवरफुल्लु!" तुमचे देव फारच पॉवरफुल, असं त्या फोनमध्ये ओरडत होत्या. त्यांच्या कानातला हरवलेला खडा, महिनाभर शोधत होत्या तो, काल आमच्या देवांना मोगरा वाहून घरी गेल्या तर फ्रिजखाली सापडला. मी म्हैसूरला आमच्या देव्हाऱ्यात विराजमान असलेले दोन किलो खिचडीचे तांदूळ डोळ्यांसमोर आणले.

"खरं सांगा त्यांना," शुभदा म्हणाली.

"काय सांगू? की तुमच्या खड्याला खिचडी पावली?"

मी सांगितलं नाही. ते सांगायला जेवढं धैर्य लागतं तेवढं माझ्यात नाही, आणि पुढच्या दहा मिनिटांत तर कशाचंच उरलं नाही. क्षितिजाकडे बघत होतो, आलं चघळत होतो, तरी बोट लागली ती मलाच. कागदी पिशवीत तोंड घालून मी बसलो होतो आणि पलीकडे खिडकीशी आई बसली होती. तिने डब्याचं झाकण काढलं होतं. तांदळातून पाचही जण गळ्यापर्यंत वर आले होते आणि आई त्यांना दाखवत होती. "ते बघा, केवढं निळं आहे. ते बघा दुसरं बेट." मध्येच मला ऐकू आलं, "तुम्हीही यायला हवं होतं हो." हे ती देवांना म्हणत नव्हती. मी पिशवीतून डोकं वर काढलं नाही. डोळ्यांत पाणी यायला मला त्या वेळी एक चांगलं कारण होतं.

म्हैसूरला परत आल्यावर मी देव पुन्हा देव्हाऱ्यात मांडले आणि त्या दिवशी पूजेला चांगला अर्धा तास लावला. तांदळाचा तो दुसरा डबा सरोजम्मांनी मागून नेला. मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांच्या नातवाची परीक्षा होती.

संध्याकाळी चहा पिताना शुभदाने पुन्हा विषय काढला. "आता आपण दोघंच कुठेतरी जाऊ या का? डोंगरात. चार दिवस."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जाऊ की. पण आईला कोण बघणार?"

बोलल्यावर मला ऐकू आलं की हा आवाज माझा नाही. चहाचा कप मी खाली ठेवला. आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मलाही घाल की डब्यात," ती म्हणाली. "तांदूळ तेवढे जास्तीचे घाल."

शुभदाने तिथल्या तिथे सामानाची यादी करायला घेतली. यादीत माझ्याकडे बरीच कामं आहेत. लेबलं लावायचं तेवढं नाही.