दोन नंबरच्या पंपाचे तीन फ्यूज

वर्ध्याचा माणूस जहाजावर नोकरीला होता असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "धाम नदीत चालवत होते का?" मी पण हसतो. आठ वर्षं मालवाहू जहाजांवर दुरुस्तीचं काम केलं. पाइप फुटला की वेल्डिंग, मोटर बसली की वायंडिंग, स्वयंपाक्याच्या भट्टीपासून कप्तानाच्या बाथरूमच्या नळापर्यंत सगळं. समुद्राच्या मध्यावर कोणाला फोन करून बोलावता येत नाही, म्हणून जे येत नव्हतं तेही येऊ लागलं.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आलो आणि गावाबाहेरच्या एका मोठ्या वसतिगृहात लागलो. चारशे मुली, तीन इमारती, दोन पंप, एक लिफ्ट. काम तेच, फक्त खालची जमीन हलत नाही. सकाळी गच्चीवर टाकीच्या कडेला उभा राहून पाणी भरल्याचा आवाज ऐकायला मला अजून आवडतं. खाली नळ उघडले की कळतं, घर चालू झालं. या नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्याबद्दल, आणि ती मी अकरा वर्षं कोणाजवळ केली नाही.

माझ्या आधीपासून तिथं एक गृहस्थ होते. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला कप्तान म्हणायचे. राहायला नालवाडीत, मूळचे तळेगावकडचे. तिकडे त्यांच्या भावाची वांग्या-टमाट्याची वाडी, त्यामुळे हंगामात आमच्या डब्यात भाजीला तोटा नसायचा. हात सोन्याचा. पंपाला कान लावून सांगायचे, "हा आठ दिवस चालते, मंग रडते." आणि नवव्या दिवशी पंप रडायचा.

त्यांची एक रीत होती. कुठल्याही मोटरीला हात लावण्याआधी पॅनेलमधले तिन्ही फ्यूज, ते चिनी मातीचे पांढरे ठोकळे, काढायचे आणि पँटच्या खिशात घालायचे. फ्यूज खिशात तर लाईन आपल्या ताब्यात. काम संपलं की स्वतःच्या हातानं परत बसवायचे. आणि उलटंही तितकंच पक्कं: फ्यूज जागेवर दिसले तर लाईन मोकळी, कोणीही बटण दाबावं. जहाजावर आम्ही स्विचला कुलूप ठोकायचो, वर नावाची पाटी टांगायचो. मी भाऊंना चिडवायचो, "हे काय खेड्यातलं, भाऊ! खिशात चिल्लर घेतल्यासारखे फ्यूज घेऊन फिरता." ते म्हणायचे, "तुह्यं कुलूप तुले लखलाभ. माह्या खिशाले कोणी हात घालत नाई."

फक्त एक खोड. दोनदा ते फ्यूज खिशातच ठेवून जेवायला नालवाडीला निघून गेले होते आणि चारशे मुली कोरड्या बसल्या होत्या. यावरून आम्ही त्यांची खूप चेष्टा केली होती.

तो दिवस उन्हाळ्यातला. दुपारचे बारा. मी गच्चीवर टाकीची गळती बंद करत होतो. वॉर्डनबाईंचे फोनवर फोन. पाणी नाही, मुली ओरडतायत. खाली जिन्याखालच्या पॅनेलजवळ आलो तर एक नंबरच्या पंपाचे, म्हणजे टाकीत पाणी चढवणाऱ्याचे, फ्यूज गायब. बाहेर पाहिलं तर भाऊंची सायकल जागेवर नाही. मी मनात म्हटलं, गेले पुन्हा जेवायला खिसा घेऊन. माझ्या पिशवीत सुटे फ्यूज होते. तीन बसवले आणि हिरवं बटण दाबलं.

पंप स्वयंपाकघराच्या मागे खड्ड्यात. सायकल स्वयंपाकीणबाई कोथिंबीर आणायला घेऊन गेल्या होत्या. भाऊ खड्ड्यात बसून हातानं मोटरीचा दांडा फिरवत होते, पाणी गळू नये म्हणून दांड्याभोवती भरलेली दोरी झिजली होती, ती काढायला. बटण दाबायच्या आधी एक हाक मारायला किती वेळ लागतो? जहाजावर शिकलेलं सगळं माझ्याजवळ होतं. मी हाक मारली नाही.

किंकाळी ऐकू आली आणि मी लाल बटण दाबलं. डाव्या हाताची दोन बोटं, मधल्या पेरापर्यंत गेली.

इथवरची चूक घाईची म्हणता येईल. पुढची नाही. संध्याकाळी दवाखान्यातून परत आलो तेव्हा पॅनेलजवळ मी एकटाच होतो. भाऊंचे फ्यूज त्यांच्या खिशात होते. माझे सुटे एक नंबरवर बसलेले. उद्या कोणीही येऊन मोजलं असतं तर कळलं असतं. मग मी दोन नंबरच्या पंपाचे तिन्ही फ्यूज काढले आणि डब्यात घालून घरी नेले. म्हणजे दिसायला असं दिसलं की भाऊंनी एक नंबरऐवजी दोन नंबरचे काढले आणि चालू लाईनवर काम केलं. सकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं. मी सांगितलं, "पाणी नव्हतं. फ्यूज जागेवर दिसले, म्हणून बटण दाबलं." कोणी मला एक शब्द बोललं नाही. उलट पाठीवर हात ठेवला.

भाऊ दोन महिन्यांनी कामावर आले. आले ते दुसरेच होऊन. सगळ्या फ्यूजवर लाल रंगानं आकडे घातले. टेस्टर लावला की एकदा बघायचे, थांबायचे, परत लावायचे, परत थांबायचे, तिसऱ्यांदा लावायचे. पंपाला कान लावून सांगणं बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कप्तानले विचारा." माझ्याशी मात्र तसेच. बायकोच्या हातची वांग्याची भाजी आणायचे, माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनीच मांडवाची वायरिंग केली. नवीन माणूस कामाला लागला की त्याला खड्ड्याजवळ नेऊन तुटकी बोटं दाखवायचे आणि स्वतःची चूक सांगायचे. मी शेजारी पाना घेऊन उभा असायचो.

यंदा ते निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी आयटीआय केलेली एक वायरमन बाई आली, चोख, तिरकस बोलणारी. शेवटच्या आठवड्यात भाऊंनी तिलाही खड्ड्याजवळ नेलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "पण काका, तुम्ही टेस्टर नाई लावला का आधी?"

भाऊंनी तुटकी बोटं उलटी करून पाहिली. "लावलाच असन, असं वाटते. मनाले विचारलं तं मन हो म्हणते. बोटं नाई म्हणतात. आता कोणाचं खरं मानू?"

मग तिला म्हणाले, "बुधवारी माह्या निरोपाच्या वेळी हेच सांगणार हाओ सगळ्यायले. जाता जाता एवढं तं कामाचं होऊ दे."

हा माणूस आता ही खोटी चूक घेऊन गावाकडे, तळेगावला जाणार, आणि उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातावर भरवसा ठेवणार नाही. ते माझ्यानं पाहवलं नसतं. खरं तर इतकी वर्षं पाहवत होतं, हे लिहिताना जास्त लाज वाटते.

रविवारी सकाळी डबा घेऊन नालवाडीला गेलो. भाऊ ओसरीवर मिरचीची रोपं पुडीत बांधत होते. वहिनी आतून म्हणाल्या, "आले का कप्तान? बसा, चहा टाकते."

मी डबा उघडून तीन फ्यूज त्यांच्यासमोर ठेवले. लाल आकडा नसलेले.

"हे कुठले बे?"

"दोन नंबरचे. त्या दिवशीचे. मी काढले होते भाऊ, नंतर. तुमचे बरोबर होते. तुम्ही एक नंबरचेच काढले होते. मी सुटे बसवून पंप सुरू केला."

त्यांनी एक फ्यूज उचलला, उलटा करून पाहिला. मला वाटलं होतं ओरडतील.

"म्हणजे एक नंबरचेच काढले होते मी."

"हो."

"टेस्टर लावला होता?"

"ते मी पाहिलं नाही. पण लाईन बंद होती. लावला असता तर पेटलाच नसता."

"लावला होता," ते म्हणाले. या वेळी विचारलं नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. भाऊंनी त्यांना हातानंच थांबवलं. "याले चहा नोको देऊ आज."

"काऊन? काय झालं?"

"मंग सांगतो." मग माझ्याकडे वळून, "मले सांगून काय करतं? त्या पोरीले सांग. तिले मी खोटं शिकवलं. तुह्याच्यानं शिकवलं. ऊठ."

मी उठलो. रस्त्यावर आलो तेव्हा पाय हलके होते, आणि तसं वाटल्याचंही वाईट वाटत होतं.

सोमवारी आधी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, मग तिला. साहेबांनी लेखी मागितलं, मी दिलं. मुख्य तंत्रज्ञाची जागा मला मिळणार होती, ती तिला मिळाली. बरोबरच झालं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग फ्यूज खिशात ठेवून फायदा काय? सुटे तर कोणाच्याही पिशवीत असतात. तुमच्या जहाजावर काय करत होते?"

"कुलूप लावायचो."

"अन् इथं काऊन नाई लावलं आतापर्यंत?"

खरं उत्तर होतं ते दिलं: कुलूप मागितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, आता कशाला?

जहाजावरचं माझं लाल कुलूप घरी होतं, पेटीत. मंगळवारी आणून तिच्या हातात दिलं, दोन्ही चाव्यांसकट.

बुधवारी निरोपाआधी भाऊ म्हणाले, एक नंबरची दोरी बदलायला आली आहे, ती बदलूनच जातो. साहेब म्हणाले, राहू द्या हो आज. ऐकतात कुठं. तिनं फ्यूज काढून त्यांच्या हातात दिले, पॅनेलला कुलूप लावलं, चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून खिशाचं बटण लावलं. मला ते आवडलं.

भाऊ खड्ड्यात उतरले. रविवारपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी वर काठावर उभा. त्यांनी टेस्टर काढला, मोटरीच्या तारेला लावला, पाहिलं.

मी सवयीनं दुसऱ्यांदा लावण्याची वाट पाहत राहिलो. त्यांनी टेस्टर खिशाला अडकवला आणि डाव्या हातानं, त्या हातानं, दांडा धरून फिरवला. मग पंपाला कान लावला.

"आठ दिवस चालला असता अजून," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. मग वर न बघताच हात पुढं केला.

"कप्तान, पाना दे. चौदा-पंधराचा."

मी दिला.