विहिरीच्या नावाने

विहिरीवरची जळालेली मोटार दुकानात आली की वायंडिंगवाले चाचा मोटारीकडे नंतर बघत, आधी मालकाला झापत. "हिरीचं पाणी आटलं तरी चालूच ठिवलीस व्हय रं?" हे भर रस्त्यावर. शेतकरी मुकाट ऐकून घेत, कारण मोटारीत नवीन तार भरावी तर चाचांनीच, हे पलूसच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारी. चाचांच्या अकरा तेलकट वह्या होत्या. कोणत्या मोटारीला कसली तार, तारेचे किती आटे, सगळं त्यात. पण पानाच्या डोक्यावर मालकाचं नाव कधीच नसे. तिथे विहिरीचं नाव असे. चिंचेखालची, वड्याकाठची, सुभेदाराची दगडी. मी एकदा कारण विचारलं तर माझ्यावरच उखडले. "मालक मरतो, भावाभावात वाटण्या हुत्यात, फोनचं नंबर बदलत्यात. हीर कुठं जाती?"

मग त्यांचा थोरला मुलगा पुण्याहून आला आणि कामाची सगळी माहिती सांभाळणारं ॲप घेऊन आला. त्यात ग्राहकाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकताच येत नव्हतं. विहिरीला जागा नव्हती. मी त्याला तसं म्हणालो. तो हसला. "काका, ग्राहक म्हणजे माणूस. विहीर नव्हे." आणि मी शहाणा, मान डोलावली. मीच दोन महिने बसून वह्यांतले आकडे भरले, गावात विचारून विचारून मालकांची नावं आणि मिळतील ते नंबर लावले, विहिरींची नावं गाळली. काम संपलं तसं पोराने चाचांना न विचारता वह्या रद्दीत घातल्या, दुकान नीट दिसावं म्हणून. रद्दीचा गाडा माझ्या दारावरून गेला. मी बघत राहिलो. त्या बघत राहण्याचा मला आजही संताप येतो.

ऐन उन्हाळ्यात एक द्राक्षवाला मोटार घेऊन आला. दुसऱ्या कुणीतरी आटे चुकवून भरलेली, दोनदा जळालेली. "चाचा, चिंचेखालची हाय," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मते तेवढं पुरे होतं, आणि वही असती तर पुरलंही असतं. चाचांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून ॲपात चिंच शोधली. काही आलं नाही. मालकाच्या नावाने शोधलं तर एकाच नावाचे आठ निघाले, आठांचेही नंबर जुने, त्याच्याशी एकही जुळेना. खरे आकडे त्या फोनमध्येच होते, हातात येत नव्हते. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा मोटार परत पाठवली.

मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ते हळू आवाजात म्हणाले, "माणसं समदी घेतलीस गड्या. माज्या हिरी कुठं टाकल्यास?"

त्यानंतर ते दुकानात बसले नाहीत. मी कोरी वही घेतली आणि दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्या घरी जाऊ लागलो. डोळे मिटून ते ओढ्याच्या कडेने एकेक विहीर सांगत, मध्येच माझ्या अक्षराला नावं ठेवत. एकेचाळीस विहिरी झाल्या आणि पावसाळ्यात चाचा गेले. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर थोरला आला. "काका, ती वही द्या, ॲपात टाकून घेतो."

मी वही दिली नाही. अजून दिलेली नाही. कुणाला आकडा हवा असेल तर त्याने माझ्या दुकानात यावं आणि आधी विहिरीचं नाव सांगावं.