घरच्या माणसांतला विमा
महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाच्या एका उन्हाळ्यात मी आणि माझ्या साडूनं महिनाभरासाठी घरं बदलली. त्याला बुलढाण्याची थंड हवा हवी होती, मला खामगावात मुलीच्या लग्नाची तयारी करायची होती. गाड्याही बदलल्या. माझी मोटार त्याला, त्याची जीप मला. मी एवढंच म्हणालो, "गाडी कोण चालवणार ते विमा कंपनीला कळवून ठेवू."

तो भडकला. "घरच्या मानसात कागद काऊन लागते जी तुमाले?"

बायकोनंही मलाच संशयी ठरवलं. विमा कंपनीला कळवायचं राहिलं.

संध्याकाळी खामगावात त्याचं दार उघडलं. आतल्या खोलीला कुलूप, कपाटाला कुलूप, लोणच्याच्या फडताळालासुद्धा कुलूप.

मी बायकोला म्हटलं, "विचार तुझ्या भाऊजीले, घरच्या मानसात कुलूप काऊन लागते?"