फ्रिजबाहेरचा डबा

माझा डबा ऑफिसच्या फ्रिजमधून काढून खिडकीत, तापलेल्या रेडिएटरच्या वर ठेवला होता. दुपारपर्यंत भरीत आंबलं. मधुरा, माझ्याच टीममधली पुण्याची मुलगी, चहा ओतता ओतता म्हणाली, "अगं, तुझं नॉनव्हेज असतं ना, म्हणून."

नॉनव्हेज! वांग्याचं भरीत होतं ते. कालपरवापर्यंत हीच बाई बोटं चाटून खात होती, कसं करतेस म्हणून विचारत होती. आणि शुक्रवारी पबमध्ये चिकन विंग्ज कोण मागवायचं? तीच.

मी काय म्हणाले? "इट्स ओके." वर हसलेसुद्धा. खिडकीशी उभी राहून ते आंबूस भरीत गिळलं. अजून लाज वाटते. तिची नाही, माझी.

झालं होतं एवढंच की, मी चौदा एप्रिलची सुट्टी मागितली होती. मँचेस्टरच्या आमच्या ऑफिसात निम्मे लोक मराठी, मालक श्रीकांत सर मुंबईचे. त्यांनी सहज विचारलं, "चौदाला काय?" मी आनंदाने सांगून बसले, जयंती आहे, ते लंडनला शिकत होते तेव्हाचं कॅमडेनमधलं घर बघायला जाणार, बाहेरून का होईना. "अच्छा, अच्छा," म्हणाले. मी लंडनहून परत आले तर माझ्या डब्यात कुणाचा चमचा येईना. रविवारी नागपूरहून आईचा फोन. "डबा सगळ्याइले देतं ना व माय?" मी म्हटलं, "हो गं, पुरत नाही." धडधडीत खोटं.

मग कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, काम येऊ घातलं. त्यांची अट होती, इथे सगळ्यांना समान वागणूक मिळते असं कंपनीने लिहून द्यायचं, खाली एका कर्मचाऱ्याची सही. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तूच कर सही. बाई आहेस, इंडियन आहेस, शिवाय... कळतंय ना तुला?"

कळलं. फ्रिजमध्ये मी चालत नव्हते, कागदावर चालत होते.

कौन्सिलची हेलन समोर बसली. साधी बाई. "एनी कम्प्लेंट्स?" म्हणाली. पेन माझ्या हातात, पण हातच चालेना. सांगून टाकलं, माझा डबा फ्रिजमध्ये राहू देत नाहीत. माझ्या जातीमुळे.

सर हसले. "कल्चरल थिंग, हेलन. फूड." मग माझ्याकडे न बघता, मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "घरातलं बाहेर काढू नकोस. तुझं वर्क परमिट माझ्या सहीवर आहे."

घरातलं? कसलं डोंबलाचं घर! ते वाक्य मी हेलनला इंग्रजीत करून सांगितलं. शब्दन्‌शब्द, परमिटसकट. आणि पेन खाली ठेवलं.

हेलन शरमेने लाल झाली. म्हणाली, भेदभावाच्या आमच्या यादीत वंश आहे, लिंग आहे, अपंगत्व आहे. कास्ट नाही. सॉरी.

संध्याकाळी मधुराने सही केली. कंपनीला काम मिळालं. माझं परमिट संपत आलं होतं, नूतनीकरणाच्या कागदावर सर सही करेनात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भरीतच नेलं. फ्रिजच्या मधल्या फळीवर, सगळ्यांच्या डब्यांच्या मधोमध माझा डबा ठेवला. किचनमध्ये होते त्या सगळ्यांना सांगितलं, "काढायचा तर माझ्या डोळ्यांदेखत काढा. आणि का काढताय ते इंग्रजीत सांगा."