सव्वापट वेगाचा सिनेमा

मावशी कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, मावशींच्या टेबलावर रांगेने आ वासून पडतात, आणि कधी न पाहिलेल्या माणसांचे जबडे पुढ्यात घेऊन मावशी दिवसभर मेणात दात बसवत राहतात. असल्या कामात माणूस एक तर तत्त्वज्ञ होतो, नाही तर त्याला कसला तरी नाद लागतो. मावशींना जपानी अ‍ॅनिमे सिनेमांचा नाद लागला.

नाद मूळ मुलीचा. ती सासरी गेली, नाद माहेरी राहिला. सुरुवातीला मावशी मुलीशी फोनवर बोलायला काही विषय हवा म्हणून बघायच्या. मग एके दिवशी मुलगीच म्हणाली, "आई, आता जरा दुसरं काही बोलूया का?" तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की आपण बरेच पुढे निघून आलो आहोत आणि मागे कुणीच नाही.

घरात या गोष्टीला कार्टून म्हणत. मावशींना हा शब्द ऐकला की तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांच्या नणंदबाई एकदा चहाला आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, या वयात कार्टून बघायला लाज कशी वाटत नाही. मावशींनी कप त्यांच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, ज्या दातांनी बोलताय ते मी बसवलेत. जरा जपून." त्या दिवसापासून नणंदबाई कार्टून म्हणत नाहीत. 'ते तुमचं काहीतरी' म्हणतात. मावशींच्या मते हीसुद्धा प्रगतीच.

त्यांचा एक सिनेमा होता. नाव घ्यायच्या नाहीत, 'माझा सिनेमा' म्हणायच्या, जसं काही बाकीचे दुसऱ्यांच्या मालकीचे असतात. गोष्ट एवढीशी. एका बेटावर बोटीची तिकिटं विकणारा म्हातारा आणि रोज बोटीने शाळेत जाणारी मुलगी. म्हातारा रोज एक सफरचंद सोलतो, साल कुठेही न तुटता, आणि अर्धं मुलीला देतो. मग पूल होतो, बोट बंद व्हायची ठरते. शेवटच्या दिवशी तो पुन्हा सफरचंद सोलतो. संगीत नाही, संवाद नाही. नुसती सुरी फिरते, साल लोंबत जाते, खिडकीबाहेर बोट येऊन लागते. बस्स. मावशी त्या जागी दर वेळी रडायच्या. त्यांचे मिस्टर त्या जागी दर वेळी झोपायचे. ते विजेचे मीटर तपासायच्या नोकरीत होते, दिवसभर जिने चढउतार करून पाय भरून यायचे. त्या झोपेचा राग धरावा असं मावशींना कधी वाटलं नाही.

हा सिनेमा आणखी कुणाला तरी दाखवावा, असं मात्र फार वाटायचं. एखादी गोष्ट आपल्याला अतोनात आवडते आणि आसपास कुणालाच तिचा पत्ता नसतो, तेव्हा माणसाची अवस्था बातमी कळलेल्या पण बाहेर पडायची बंदी असलेल्या शेजारणीसारखी होते. म्हणून असले सिनेमे एकत्र बसून बघणाऱ्या एका मंडळाचा शोध लागला तेव्हा मावशी पहिल्याच रविवारी नवी साडी नेसून हजर झाल्या.

मंडळ भरायचं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात. स्कूलचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, मंडळाचेही प्रमुख होते. याला कारण निवडणूक नव्हे, प्रोजेक्टर. तो त्यांचा होता. एरवी त्याच्यावर शिकाऊ लोकांना रस्त्यावरच्या खुणा दाखवत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्याच भिंतीवर सिनेमा, आणि सिनेमा संपला की लगेच शिकाऊ लोकांचा संध्याकाळचा वर्ग.

मास्तरांचे नियम कडक होते. प्रत्येक वेळी एका सभासदाने एक सिनेमा सुचवायचा. सुचवणाऱ्याने गोष्ट सांगायची नाही, गळ घालायची नाही, सिनेमाभर मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. आवडला का, असं शेवटी कुणाला विचारत नसत. मास्तरांच्या मते आवडणं हे बिनखर्चाचं काम आहे. प्रश्न एकच: "दुसऱ्या कुणाला सांगाल?" ज्यांना सांगावासा वाटला त्यांनी हात वर करायचा. निम्म्याहून जास्त हात आले तर सिनेमाच्या नावापुढे वर्गातला हिरव्या बाणाचा फलक लागायचा. कमी आले तर 'प्रवेश बंद'. प्रवेश बंद झालेला सिनेमा मंडळात परत आणता येत नसे. फलक मूळचे वाहतुकीचेच होते. मास्तरांना वस्तू वाया घालवणं आवडत नसे.

मावशींना ही पद्धत पसंत पडली. इमानदारीची वाटली. आपली पाळी येईपर्यंत त्या नेमाने इतरांचे सिनेमे बघत राहिल्या आणि मनात आलं तसा हात वर किंवा खाली ठेवत राहिल्या. एका रिटायर कंपाउंडरकाकांनी अंगणातल्या भुताचा एक सिनेमा सुचवला होता. मावशींनी हात वर केला नाही, वर बोलूनही दाखवलं की भूत नुसतं धावत सुटलंय, भीती वाटायला सवडच देत नाही. 'प्रवेश बंद'चा फलक लागला. काकांनी टोपी घातली आणि त्यानंतर ते मंडळात दिसले नाहीत. मावशींना वाटलं, माणूस हळवा आहे.

पाळी आली. त्या दिवशी मावशींनी मिस्टरांनाही बरोबर नेलं. पाहुण्याला मत नसतं, पण बायकोच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या प्रसंगी नवरा नुसता उपस्थित असावा अशी पद्धत आहे. आधी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापण्यात बराच वेळ गेला, मग मास्तरांनी पडदे ओढले.

पहिल्या काही मिनिटांतच मावशींना काहीतरी खटकू लागलं. काय ते कळेना. चित्र तेच, आवाज तेच, शब्द तेच. पण मुलगी धापा टाकत बोलत असल्यासारखी वाटत होती. समुद्र जरा जास्तच उत्साहात होता. मावशींना वाटलं आपल्यालाच धडधडतंय. मग सफरचंद आलं. म्हाताऱ्याने ते असं सोललं की जणू मागे कुणी लागलंय, बोट आली, बोट गेली, मावशींचा रुमाल पर्समधून बाहेर यायच्या आत सगळं उरकलं. त्यांच्या डोळ्यात टिपूसही आलं नाही. भिंतीवर नावं सरकू लागली आणि त्यांच्या मनात एक भयंकर विचार आला: इतकी वर्षं आपण या असल्या सिनेमावर रडत होतो?

हात फार थोडे वर आले. एक हात औषधांच्या दुकानातल्या मुलीचा, तोही अर्धाच. कुणीतरी म्हणालं, विषय चांगला आहे पण गुंडाळल्यासारखा वाटतो. मास्तरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि 'प्रवेश बंद' अडकवला.

घरी येऊन मावशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी बूट घालता घालता सहज म्हटलं, "अगं, काल मला झोप नाही लागली."

मावशींनी विचारलं, म्हणजे रात्री?

"नाही गं, सिनेमात. त्या सफरचंदापाशी लागते ना नेहमी. काल डोळा मिटायच्या आत पुढचं चालू. मला काय वाटतं सांगू? कुणीतरी मीटर पळवलंय."

बूट एकाच पायात ठेवून त्यांना खुर्चीवर बसावं लागलं, कारण मावशींनी तिथल्या तिथे सिनेमा लावला. सफरचंद आलं. सुरी संथ फिरली, साल लोंबत गेली. मावशींचे डोळे भरून आले. शेजारी एका बुटासकट घोरण्याचा आवाज सुरू झाला. पुरावा पूर्ण होता.

त्याच दुपारी मावशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. मास्तर वर्गात शिकवत होते. विषय होता वेगमर्यादा. घाईने कुणाचं भलं झालेलं नाही, असं ते शिकाऊ लोकांना कळवळून सांगत होते. मावशी दारात उभ्या राहून तो भाग पूर्ण ऐकत राहिल्या. मग मास्तरांना बाहेर बोलावून सरळ विचारलं.

मास्तर लपवाछपवी करणारे नव्हते. त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "सव्वापट ठेवतो मी," ते म्हणाले. "नाही तर संध्याकाळचा वर्ग चुकतो. आजकाल आवाजसुद्धा चिरका होत नाही, मावशी. कळत नाही कुणाला."

ठेवतो, असं म्हणाले. ठेवला, असं नाही. मावशींनी विचारलं, आधीचेही? मास्तर म्हणाले, बरेच महिने झाले. मोठे असतील तेवढेच. लहान सिनेमे ते अगदी मूळ वेगाने दाखवतात, त्या बाबतीत कुणी बोट दाखवू शकणार नाही.

मावशींना एकदम कंपाउंडरकाकांचं ते धावत सुटलेलं भूत आठवलं. त्या वळल्या आणि तरातरा घराकडे निघाल्या. राग भरपूर आला होता, पण त्या रागात स्वतःचा वाटा किती आणि मास्तरांचा किती याची वाटणी अजून व्हायची होती.

पुढच्या महिन्यात मंडळ भरलं तेव्हा मावशींनी विषय काढला. म्हणणं साधं होतं. वेग वाढवून दाखवलेला सिनेमा दाखवला असं धरता येत नाही, तेव्हा ते सगळे फलक उतरवा आणि सिनेमे पुन्हा दाखवा. त्यांना वाटलं होतं, मंडळ पेटून उठेल. इतके महिने आपल्याला फसवलं म्हणून लोक मास्तरांना धारेवर धरतील. आपणच मग मोठ्या मनाने, जाऊ द्या हो, असं म्हणू, याचीही तयारी झाली होती.

मंडळ पेटलं नाही. मंडळाने बिस्किटं खाल्ली. एकजण म्हणाला, गोष्ट तर तीच राहते ना. दुसरा म्हणाला, मी घरी दीडपटीनेच बघतो, त्याशिवाय इतके सिनेमे कधी उरकायचे. उरकायचे! मावशींनी त्याला विचारलं, जेवतोस पण दीडपटीने का. तो प्रामाणिकपणे हो म्हणाला. मास्तरांनी नियमाकडे बोट दाखवलं: एकदा फलक लागला की लागला, नाही तर उद्या प्रत्येक जण काहीतरी कारण घेऊन येईल.

"मास्तर," मावशी उभ्या राहिल्या, "माझी कवळी कुणाच्या तोंडात बसली नाही, तर ती मी परत घेते. तोंड बदलून आणा म्हणत नाही."

लोक हसले. मास्तरही हसले. मग त्यांनी मतं घेतली. औषधांच्या दुकानातल्या मुलीने या वेळी हात पूर्ण वर केला. बाकी सगळे आपापल्या मांडीवर हात ठेवून फार समजूतदार चेहऱ्याने बसले होते. मावशींनी पिशवी उचलली. दाराशी गेल्यावर त्यांना एखादं खणखणीत वाक्य सुचायला हवं होतं, सुचलं नाही. पायरीवर मात्र तीन-चार एकदम सुचली, पण परत आत जाऊन बोलणं बरं दिसलं नसतं.

मग त्यांनी कंपाउंडरकाकांचा पत्ता शोधून काढला. काका दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मावशींनी सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, "म्हणजे ते भूत..."

"धावत नव्हतं. पळवलं होतं," मावशी म्हणाल्या. "मला दाखवा तुमचा सिनेमा. माझ्या घरी. मूळ वेगाने. मिस्टर घरी असतात, शेजारीपाजारी आहेत, कुणाला काही बोलायला जागा नाही."

काका आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. भूत या वेळी चालत आलं. हळूहळू, पायरीपायरीने, आणि मधे थांबून थांबून. मावशींनी सिनेमा शेवटच्या नावापर्यंत बघितला. मिस्टर जागे राहिले. मग काकांनी मंडळातला तोच प्रश्न विचारला, दुसऱ्या कुणाला सांगाल का?

मावशींनी खूप प्रयत्न केला. जे झालं त्यानंतर हो म्हणणं हीच माणुसकी होती. पण त्यांच्याच्याने होईना. "नाही हो काका," त्या म्हणाल्या. "भीती आता वाटली. पण शेवटी ते भूत इतकं शहाण्यासारखं बोलायला लागतं की मला शाळेत बसल्यासारखं झालं."

काकांचा चेहरा लाल झाला. शेवट हाच तर सिनेमाचा प्राण आहे, ते म्हणाले. ज्याला शेवट कळला नाही त्याने भुतांच्या वाटेला जाऊ नये. मावशी म्हणाल्या, बोलकी भुतं मला आवडत नाहीत, घरात मीटरवाले आहेत तेवढे पुरे. मिस्टरांनी यावर वर्तमानपत्र उघडलं. दोघं चांगली तासभर भांडली. मधे चहा झाला, तो दोघांनीही रागात प्यायला. काका जाताना दार जरा जोरात लावून गेले. पुढच्या रविवारी मावशींनी न बोलावता ते परत आले, कारण आता मावशींच्या सिनेमाची पाळी होती आणि त्यांना हिशोब चुकता करायचा होता.

मावशींनी पडदे ओढले. मुलगी नेहमीच्या श्वासाने बोलली. समुद्र आपल्या जागी होता. सफरचंद आलं, मिस्टरांची मान खाली गेली, मावशींचा रुमाल बाहेर आला. काका ताठ बसून बघत होते. नावं सरकली, शेवटचं नाव गेलं, मावशींनी पडदा उघडला आणि विचारलं.

काकांनी टोपीची कड चाचपली.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण खरं सांगू का? फार संथ आहे हो. ते सफरचंद सोलणं तर संपतच नाही."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. नाकपुड्या फुलल्या, पदर खोचला गेला, आणि काका टोपी घालू लागले तोच त्यांनी ती हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवली.

"संथ? बसा. आता सांगते तुम्हाला."