सोमारीनं जीप किती उंच केली

इरपटोल्याला जायचं तर सोमारीची जीप, नाहीतर आपले पाय. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू व्हायला निघाले, तेव्हा भामरागडच्या थांब्यावर एकाला रस्ता विचारला. तो म्हणाला, "थांबा ना बाई, सोमारी येते आता." मला वाटलं, सोमारी हे गाडीचं नाव असेल. थोड्या वेळानं एक जुनी हिरवी जीप आली. स्टिअरिंगवर चाळिशीची ठेंगणी बाई, केसांत लाकडी फणी खोचलेली. मागच्या दाराला लटकून तिचा नवरा कोलू "इरपटोला, इरपटोला" असा ओरडत होता.

जीप खरं तर कोलूनं घेतली होती, स्वतः चालवायला. धान कापून झाल्यावर मोकळ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, तो शिकायला बसला आणि पहिल्याच दिवशी गाडी सरळ वारुळावर चढवली. तो खाली उतरला, वारुळाकडे पाहिलं, सोमारीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू पाह्य बरं." सोमारीनं गाडी मागं घेतली. तेव्हापासून ती चालवते आणि कोलू उतारू गोळा करतो. ही गोष्ट तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, आणि शेवटी म्हणतो, "मले गाडीची भीती नाई. गाडीले माही भीती वाटते."

मी मूल गावची. झाडीपट्टीत वाढलेली, त्यामुळे बोली कळायची. बाकी सगळं नवीन होतं. त्या जीपमध्येच मला गाव कळलं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची गाय व्याली, कुणाचं पोर आश्रमशाळेतून पळून आलं, हे सगळं मोहाच्या पोत्यांवर बसून, कोंबड्या मांडीवर घेऊन. लसीचा डबा मी पायांत धरायची. सोमारी स्वतः फार बोलायची नाही. खालचा ओठ दातांत धरून रस्ता पाहायची आणि एखादा विनोद झाला की आरशात हसायची.

त्या हिवाळ्यात जंगलात बांबूची तोड मोठी झाली. ट्रॅक्टर येऊन-जाऊन रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडल्या आणि मधला भाग उंच राहिला. जीपचं पोट त्यावर घासायला लागलं. खर्रर्र असा आवाज आला की आम्ही सगळे पाय वर घ्यायचो, जणू आमचेच तळवे घासतायत. सोमारीचा चेहरा मात्र कुणीतरी चिमटा काढल्यासारखा व्हायचा.

एकदा बाजाराच्या दिवशी गाडी भरलेली होती आणि जीप त्या उंचवट्यावर चक्क बसली. चाकं फिरतायत, गाडी हलत नाही. आम्ही सगळे उतरलो. रैनी आजी, गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत वात्रट बाई, काठी टेकून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन गा सोमारी, गाडी अंडे उबवून राह्यली का?"

हसता हसता कुणाला ढकलताही येईना. शेवटी माती उकरून, फांद्या घालून गाडी निघाली. पण सोमारी लगेच बसली नाही. ती गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीला गवत चिकटलं होतं. मला म्हणाली, "सिस्टर, पोटाच्या पत्र्याले मार बसून राह्यला, अन् सायलेन्सरले. मागच्या दोन चाकामधला लोखंडी गोळा अजून कोरा आहे. म्हंजे वरची गाडीच खाली बसली. उचलाच लागते हिले."

ही बातमी तिचा दीर लालसू याच्या कानावर गेली. लालसूचं गावात मोबाइलचं दुकान आहे. डोंगर चढणाऱ्या, नाल्यातून पाणी उडवणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तो इतके पाहतो, की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्याला दिसत नाही. तो धावतच आला.

"वहिनी, लिफ्ट किट! चार इंचाचा! वरून मोठे टायर! अशी दिसन ना गाडी, हत्तीवानी!"

"हत्तीवर चढन कोन?" सोमारीनं विचारलं. पण व्हिडिओ तिनं सगळे पाहिले. एका व्हिडिओत गाडी एवढी उंच होती, की चालवणारा दार धरून लोंबकळत आत गेला. सोमारीनं तो पुन्हा लावायला सांगितला.

मला आलापल्लीहून औषधं आणायची होती, म्हणून मीही सोमारी आणि लालसूबरोबर तिथल्या मुखरू मिस्त्रीच्या गॅरेजला गेले. मुखरू जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला दोन्ही हातांनी दाबून सोडलं. जीप डुलली आणि डुलतच राहिली.

"शॉकअप गेले," तो म्हणाला. "अन् खालचे स्प्रिंगचे पाटे पाह्यले का? कमानीसारखे पाह्यजे, तर पाटावानी सपाट झाले. बाई, तुमची गाडी अर्धी तर यानंच खाली बसली."

"मग काय करा लागते, मिस्त्री भाऊ?"

"तीन रस्ते आहे. एक, पाट्यांखाली ठोकळे घालतो. गाडी आजच वर येते. पण थकलेले पाटे थकलेलेच राह्यते, माल भरला का पुन्हा बसन. दुसरा, पुरा नवा किट. कमानदार पाटे, मागं एक पाटा जास्तीचा, त्याले जुळणारे शॉकअप. गाडी दोन इंच वर, अन् भरल्यावरही वर. तिसरा, चार इंचाचा."

"तोच! तोच!" लालसू म्हणाला.

मुखरू हसला. "तोही चांगला आहे, भाऊ. जंगलात हौसेनं फिरायचं तर मीही तोच घेईन. पण त्यात शाफ्ट तिरपा होते, तो बदला. ब्रेकचे पाइप ताणते, ते लांबवा. वळणावर गाडी झुलते, अन् पासिंगच्या वेळी साहेब काय म्हणन, ते मले नाई सांगता येत. रोज कोन बसते गाडीत?"

सोमारीनं सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बाया, शाळेचे पोरं, पोटुशा बाया, सिस्टर, बकऱ्या. सांगता सांगता ती थांबली. "त्याईलेच विचारून येते," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. लालसूचा चेहरा उतरला. मुखरूनं मात्र मान हलवली आणि पुढच्या गाडीखाली शिरला.

विचारायचं म्हणजे काय करायचं, हे तिनं वाटेतच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोटुलासमोरच्या मैदानात तिनं जीप उभी केली. गोटुल म्हणजे गावाचं जमायचं घर. ते नुकतंच दुरुस्त केलं होतं आणि उरलेल्या जाड फळ्या बाजूला पडल्या होत्या. चारी चाकांपुढे फळ्या टाकून तिनं जीप त्यांवर चढवली. अशी दोन इंच वर, त्यावर आणखी फळ्या टाकल्या की चार. मग कोलूनं नेहमीच्या सुरात हाक दिली, "इरपटोला, भामरागड, चला चला!" गाडी कुठंच जाणार नव्हती, तरी अर्धं गाव जमलं.

दोन इंचाला सगळे चढले. पोरं तर चढली, उतरली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. मग चार इंच. शाळेच्या मुलींनी उड्या मारल्या. मी चढले, पण साडीचा काठ उसवला. काही बायांनी दांडा धरला, पाय उचलला, आणि हसत मागं सरल्या. रैनी आजी मात्र पुढं आली. काठी कोलूच्या हातात दिली, दांडा पकडला, आणि कसं कोण जाणे, एका दमात वर. टाळ्या पडल्या. आजी सीटवर ऐसपैस बसली.

"आता उतर, आजी," सोमारी म्हणाली.

आजीनं खाली वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "मी इथीच राह्यतो. जेवण इथीच आना."

शेवटी तांदळाची दोन पोती लावली, त्यावरून आजी घसरत खाली आली आणि तिला ते इतकं आवडलं की पुन्हा चढते म्हणाली.

या गोंधळात दीपिका पुढं आली. तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. दर पंधरवड्याला मीच तिला तपासणीला घेऊन जायची. तिनं दांडा धरला, एक पाय वर ठेवला आणि तशीच थांबली. दुसरा हात पोटावर गेला. कुणाकडे न पाहता तिनं हळूच पाय खाली घेतला. हसणं आपोआप थांबलं.

"झालं," सोमारी म्हणाली. "दोन इंच."

लालसू जवळच उभा होता. मला वाटलं, हा आता वाद घालेल. त्यानं डोकं खाजवलं. "वहिनी, पण दोन इंचात पोट वाचन का?"

"चाल, पाह्यू."

दोघं एक बांबूची काठी घेऊन रस्त्यानं गेले. जिथं जिथं गाडी घासायची, तिथं चाकोरीत काठी उभी धरून उंचवटा कुठवर येतो ते पाहिलं, आणि सगळ्यांत उंच जागेवर काठीला चाकूनं खूण केली. परत येऊन वरच्या फळ्या काढल्या आणि दोन इंच वर उभ्या जीपच्या चाकाशी, फळीवर नाही तर जमिनीवर काठी टेकवून पोटाखाली धरली. खूण पत्र्याच्या खाली राहिली, वर चार बोटं मोकळी. लालसूनं स्वतःचीच बोटं घालून दोनदा पाहिली. मग म्हणाला, "वहिनी, मी हिले पायदान बनवतो. लोखंडी, खाली लोंबणारं नाई, बाजूनं. म्हंजे दोन इंचही कोनाले कळणार नाई." आणि खरंच, तो भामरागडला जाऊन वेल्डिंगवाल्याच्या मागं लागून सुरेख खडबडीत पायदान करून घेऊन आला, पाय घसरू नये म्हणून.

किट बसवताना सोमारी दिवसभर मुखरूच्या गॅरेजमध्ये होती. नवे पाटे काळेभोर, छान कमान घेतलेले. तिनं त्यांवरून हात फिरवला, बैल घेताना फिरवावा तसा. संध्याकाळी गाडी खाली उतरवल्यावर मुखरूनं पुन्हा मागं दाबून सोडलं. जीप एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

"सुरुवातीले जरा कडक लागन," त्यानं बजावलं. "भरून चालवा. अन् आठ-पंधरा दिवसानं नट कसाले आना."

पुढच्याच बाजाराला गाडी नेहमीसारखी भरली. दीपिका पायदानावर पाय ठेवून एकटी वर आली आणि सोमारीच्या शेजारी बसली. रैनी आजी तिच्यामागं. जंगलात शिरलो आणि चाकोऱ्या आल्या, तसे सगळे बोलायचे थांबले. आमचे पाय सवयीनं वर गेले. उंचवटा आला. गेला. दुसरा आला, तोही गेला. खाली फक्त गवत पत्र्याला लागल्याचा सुस्कारा. पाय वर धरून बसलेल्या आम्ही बाया एकमेकींकडे पाहत राहिलो.

"थांबव गा!" रैनी आजी ओरडली. सोमारीनं घाबरून ब्रेक मारला. "रस्ता चुकली काय? आपल्या रस्त्याले तर आवाज येते."

मग जो हशा उसळला, त्यात कोलू दारावरून पडता पडता वाचला. गाडी पुन्हा निघाली. मागच्या बाजूला कुणीतरी रेलाचं, इथल्या नाचाचं गाणं सुरू केलं. इतके दिवस त्या खडखडाटात गाणं सुचलंच नव्हतं. एकीनं उचललं, मग दुसरीनं, आणि "रे रेला" सगळ्या गाडीत भरलं. मला शब्द येत नव्हते, मी नुसता ताल धरला, लसीच्या डब्यावर. दीपिका हळू आवाजात गात होती, डोळे अर्धे मिटून.

आणि मग मला पुढून एक नवा आवाज आला. जाडा, थोडा घोगरा. सोमारी गात होती. ओठ दातांतून सुटला होता. मान डोलत होती, आणि हात स्टिअरिंगवर असे सैल होते, जसे मी आजवर पाहिले नव्हते.

नाल्याच्या वळणावर पलीकडच्या टोल्याचे, म्हणजे वस्तीचे लोक टोपल्या घेऊन हात दाखवत उभे होते. आम्ही गात गात त्यांच्या समोरून निघून गेलो. कोलू गाडीवर थापा मारायला लागला, "अगे, उतारू! उतारू राह्यले!" सोमारीनं जीभ चावली, आरशात पाहिलं आणि खळखळून हसत जीप मागं घ्यायला लागली. मागची माणसं टोपल्या सांभाळत धावत येत होती, आणि गाणं काही थांबलं नव्हतं.